अमर रहे म्हणू नका

सापगाव, ता. शहापूर
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रिय भागी,
सप्रेम जयभीम.

आज सकाळी पाणी भरलं, आईला आंघोळ घातली. अकराच्या सुमारास शेणव्याहून पाच-सहा बायका आल्या आणि माझ्या पाया पडून गेल्या. दुपारी लढा समितीचा माणूस त्यांच्या पुढाऱ्याची, कमळाकरदादांची चिठ्ठी देऊन गेला. संध्याकाळी भाकऱ्या केल्या. आईने अर्धी खाल्ली. एवढाच दिवस झाला.

बायका पाया पडल्या त्याचा मला राग आला आहे आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तुला लिहिते. कोटवाल्यांनी मोबाइलचे टॉवर बंद पाडल्यापासून कॉलेजच्या मैत्रिणींत तूच एक उरलीस, तीसुद्धा कागदावर. पत्र दिपेशच्या भाजीच्या टेम्पोतून मुरबाडला येईल.

शेणव्याला काय झालं ते तू ऐकलं असशील. जे ऐकलंस ते खरं नाही. म्हणे मी हात वर केला आणि वीज पडली. माझ्या हातात औषधांची पिशवी होती. मेडिकलमधून एका म्हातारीच्या गोळ्या पोचवायला गेले होते. बाजारात नगारा ऐकू आला आणि लोक पळाले. मला पळता आलं नाही, कारण चप्पल तुटली होती.

कोटवाल्यांचं सैन्य म्हणजे काय ते तुला सांगायला नको. अभ्रकोटचा सम्राट कुणी पाहिला नाही. घाटावरून उतरलेले त्याचे सरदार मूठभर आहेत, तेही मागे उंच गाड्यांवर बसलेले. पुढे चालतात ती आपलीच मेलेली माणसं. ज्याला घरच्यांनी नीट निरोप दिला नाही, तो नगाऱ्यावर उठतो आणि त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. त्यांच्या हातात शस्त्र नसतं. ती फक्त चालत येतात आणि समोरचं सगळं पायाखाली जातं. चार वर्षं हे चाललं आहे आणि आपण त्यांना नुसतं ‘उभे’ म्हणतो, जसं काही ते कुणाचे कुणीच नव्हते.

त्या दिवशी पहिल्या रांगेत नथूकाका होते, माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. पहिल्याच वर्षी गेले, मयत मिळाली नव्हती. मला भीती वाटली, पण त्याआधी राग आला. मी म्हटलं, “काका, तुम्ही दर वर्षी आमच्याच शेवग्याच्या शेंगा तोडायचात आणि त्यातल्याच चार आईला आणून द्यायचात, आमच्याकडच्या आहेत म्हणून. आईला माहीत होतं. तरी ती घ्यायची.”

एवढंच बोलले. नथूकाका थांबले. हसू दाबल्यासारखं तोंड केलं, अगदी पूर्वी करायचे तसं, आणि रस्त्यात खाली बसले. मग आडवे झाले. मागची रांग त्यांना अडखळली, नगारा चुकला आणि कोटवाल्यांनी गाड्या वळवल्या. यात वीज कुठे आहे?

आता कमळाकरदादा लिहितात की मी रणरागिणी आहे आणि सिद्धगडाखाली येऊन फौजेच्या पुढे उभं राहावं. माझ्याकडे काही मंत्र नाही. मी नथूकाकांना ओळखत होते, एवढंच. तिथल्या हजारो लोकांना मी ओळखत नाही.

मला फक्त एक हवं आहे. लढाईत गेलेल्या माझ्या भावाला, महेंद्रला गडाखाली मानाने अग्नी दिला असं कमळाकरदादा दिवाळीनंतर येऊन सांगून गेले. आईने अस्थी मागितल्या तर म्हणाले, पावसात वाहून गेल्या. दिवाळीनंतर कुठला पाऊस? आम्ही फोटो ठेवून पुण्यानुमोदन केलं. समितीची माणसं आली, ‘शहीद महेंद्र अमर रहे’ म्हणून ओरडून, जेवून गेली. माझ्या भावाला कुठे जाळला ती जागा मला बघायची आहे. त्या लढाईत तू होतीस. तू सांग.

तुझी,
संघरत्ना

*

गडाखालची वाडी, ता. मुरबाड
१७ फेब्रुवारी २०२५

संघा,
तुला माझा जयभीम. आईंना नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजात आभार मानायला स्टेजवर उभी केली तर तुझे पाय लटपटायचे, नि आता तू फौजा परतवतेस. इथे शाळेच्या भिंतीवर तुझं चित्र काढलंय. वाघावर बसलीस, हातात तलवार. वाघ आमच्या मोत्यासारखा दिसतो नि तू तर तुझ्यासारखी अजिबात नाय. पण पोरी रोज फुलं वाहतात गो.

तू रागावतेस ते कळतं. पण आमचं पण बघ. दोन वर्षं आमच्या खाचरात भात लागला नाय. नाचणीची वरकस जमीन त्यांच्या पायाखाली गेली. उभे आमच्या बांधापाशी येऊन थांबलेत, दिवाळीपास्नं. सकाळी दार उघडलं की समोर रांग. आमी किती दिवस असं राहायचं? कमळाकरदादा म्हणतो, संघरत्ना आली की एका दिवसात गड मोकळा. तो उगाच बोलत नाय. त्याचा सख्खा भाऊ गेला यात. मयत नाय मिळाली म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला, दहाव्याला कावळा शिवला, तवा कुठे तो जेवला.

महेंद्रचं सगळं नीट झालं. दादाने स्वतः आग दिली. अस्थींचं मला नाय माहीत, मी तवा माझ्या नवऱ्याच्या दहाव्यात होते. नवरा गेलेल्या बाईला कुठे बाहेर सोडतात? जागा आता कोटवाल्यांच्या हद्दीत गेली, दाखवता नाय येणार. त्याच्या नावाने आमी रोज सकाळी घोषणा देतो, अमर रहे म्हणून. त्याला कोण विसरलं नाय.

तू एकदा ये. मुरबाडला नदीच्या पुलावर सभा ठेवलीय. तिथवर तरी ये. लोकांनी तुला बघितलं की त्यांच्या अंगात जीव येईल. माझ्यासाठी ये म्हण.

तुझी,
भागी

*

सापगाव
२ मार्च २०२५, रविवार

भागी,

तुझ्यासाठी आले होते. तू सभेत नव्हतीस. ते बरं झालं.

बुधवारी समितीची गाडी आली. मुरबाडला पोचल्यावर मला एका घराच्या ओटीवर बसवलं. हिरवं लुगडं नेसायला दिलं. मी नको म्हटलं, तर दोघींनी माझ्या ड्रेसवरूनच गुंडाळलं. कपाळाला मळवट भरायला लागल्या, तेव्हा मी हात धरला. ओटी भरणारीने माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग ताट माझ्या मांडीवर न ठेवता शेजारी खाली ठेवलं. म्हणजे देवी म्हणून मी चालते, आणि बाई म्हणून तिथेही आडनाव आडवं येतं.

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा भातसा नदीत सोडला. छाती भरून पाणी होतं, त्यात उतरून सोडला. त्यांच्या नातीला तुम्ही उचलून पुन्हा देव्हाऱ्यात बसवता आणि मी खूश व्हावं अशी अपेक्षा करता. हे मी कमळाकरदादांना तोंडावर बोलले. ते म्हणाले, “ताई, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. तुम्ही फक्त हात वर करा.”

पिकअपवर उभी करून मला पुलावर नेलं. मागे हजार लोक. पलीकडून नगारा वाजला आणि रांग आली. मी पुढच्या रांगेतले चेहरे बघत राहिले. एकही ओळखीचा नव्हता. माझ्यामागे मात्र लोक ओळखत होते. एक म्हातारी “माझा बाला, माझा बाला” म्हणत होती. मी म्हटलं, तिला पुढे सोडा, ती बोलू दे. कुणी ऐकलं नाही. कमळाकरदादांनी माईक घेतला आणि सगळे एका सुरात ‘अमर रहे, अमर रहे’ ओरडायला लागले. माझा हात दोघांनी धरून वर केला.

रांग थांबली नाही. उलट त्या घोषणेवर त्यांची पावलं जास्त सरळ पडायला लागली. मी डोळ्यांनी पाहिलं. नगारा आणि घोषणा एकाच ठेक्यावर चालल्या होत्या. ज्याला रोज सकाळी उठून अमर रहे म्हणायचं, तो खाली कसा बसेल? त्याला बसू द्यायचं नाही असं आपणच ओरडून सांगतो. हे कुणाच्या लक्षात येत नाही का, की आणायचं नाही?

पुलावर चेंगराचेंगरी झाली. अंगणवाडीच्या रेश्माताईंचा पाय मोडला. दोन माणसं गेली. त्यांना उचलायलाही कुणी थांबलं नाही. दिपेश सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं रांगेत उभी होती. आणि समितीच्या पत्रकात छापलं आहे की देवीच्या दर्शनाने शत्रू हादरला.

आता मुख्य गोष्ट. गाडीत माझ्याशेजारी तुमच्याकडचा एक म्हातारा होता, शेळ्या राखणारा. तो मला देवी वगैरे म्हणाला नाही. तो म्हणाला, “पोरी, तुजा भाऊस तितंच हाय. गडाखाली, पुढच्या रांगेत. चौकड्याचं शर्ट. आमी रोज बगताव.”

चौकड्याचा शर्ट मीच शहापूरला घेतला होता.

तू लिहिलंस, दादाने स्वतः आग दिली. तू लिहिलंस, सगळं नीट झालं. रोज सकाळी तू दार उघडतेस तर समोर रांग, हेही तूच लिहिलंस. म्हणजे गेले चार महिने तू रोज माझ्या भावाचं तोंड बघते आहेस. त्याला बघून त्याच्यासमोर अमर रहे ओरडते आहेस. आणि मला लिहितेस की वाघ मोत्यासारखा दिसतो.

मला खरं लिही. गोड लिहू नकोस.

संघरत्ना

*

गडाखालची वाडी
६ मार्च २०२५

संघरत्ना,

खरं पाहिजे तर घे.

त्या दिवशी गडावरनं आमी पळत खाली आलो. सहा मयत होत्या नि उचलायला माणसं चौघांपुरती. नगारा मागेच होता. कमळाकरदादा म्हणाला, ज्यांचं दहावं-तेरावं होईल त्यांना आधी घ्या. तुझ्या महेंद्रकडे बघून म्हणाला, “यांच्यात कावळा नाय, पिंड नाय. याला नेऊन काय करायचं? हा तसा पण उभाच राहणार.” दुसरा एक कातकरी पोरगा होता, त्याचं पण तसंच. दोघांना करवंदीच्या जाळीपाशी ठेवलं. सकाळी ते उठले.

मी माझ्या नवऱ्याचे पाय धरले होते. त्याला खाली ठेवून तुझ्या भावाला उचलायला पाहिजे होतं का? तू उचललं असतंस का? मी काय समितीत नाय, मला कोण विचारत नाय. तुला काय लिहायचं ते दादाने सांगितलं. म्हणाला, तिला कळलं तर ती भावापुरती येईल, त्याला सोडवून घरी जाईल, आपल्या काय कामाची नाय. मला पण तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू.

तुला एवढा राग आलाय तर अजून एक ऐक. होळीला पुढची रांग पेटवायची ठरलीय. डिझेलचे डबे आणून ठेवलेत आमच्याच पडवीत. दादा म्हणतो, देवी नाय आली तर डिझेल येईल. मी म्हटलं, पुढच्या रांगेत महेंद्र हाय. तर म्हणाला, तो आता महेंद्र नाय, तो कोटवाल्यांचा शिपाई हाय.

हे बोलला तवा मला तुझ्या आईची आठवण झाली. परीक्षेच्या वेळी मी तुमच्याकडे राहिले होते नि महेंद्र माझ्या ताटातला पापड घेऊन पळाला होता. शिपाई नाय तो.

होळी गुरुवारी. त्याच्या आत ये. एकटी ये. समितीच्या गाडीने येऊ नको.

भागी

*

सापगाव
१५ मार्च २०२५, शनिवार

प्रिय भागी,

आज सकाळी नदीवर जाऊन महेंद्रची राख भरून आणली. दुपारी आईला पेज दिली. वॉर्डातली माणसं येऊन गेली. उद्या पुण्यानुमोदन आहे, या वेळी फोटो ठेवून नाही, त्याला खरंच आणून. समितीचा माणूस बॅनर घेऊन आला होता. बॅनर परत पाठवला.

बुधवारी तू मला बांधापर्यंत आणलंस आणि तिथे थांबलीस. कमळाकरदादा तुझ्याशेजारी लुगडं आणि पत्र्याची तलवार घेऊन उभे होते. तिथून तुम्हाला माझी पाठ दिसली असेल, पण ऐकू काही आलं नसेल. वाडीत आता पुन्हा वीज पडल्याच्या गोष्टी सुरू होतील, म्हणून जे झालं ते लिहून ठेवते. कुणी विचारलं तर हे वाचून दाखव.

महेंद्र डावीकडून तिसरा होता. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मी समोर उभी राहिले आणि माझ्या तोंडातून पहिल्यांदा शोकसभेतलंच आलं. महेंद्र फार मनमिळाऊ होता. समाजाच्या कामात सदैव पुढे होता. त्याच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली. मी हे बोलत होते आणि तो माझ्याकडे चालत येत होता. एवढा जवळ आला की त्याच्या अंगाचा ओल्या पाल्यासारखा वास आला. तुम्ही लोक बांधावरून ‘अमर रहे’ म्हणालात तेही ऐकलं.

मग मला राग आला, भागी. तुमच्यावर, आणि त्याच्यावर.

मी म्हटलं, “तू शूर नव्हतास. तुला लढायला जायचंच नव्हतं. गाडी दारात आली, चार मित्र हाका मारायला लागले आणि तुला नाही म्हणता आलं नाही. तुला कधीच नाही म्हणता आलं नाही. आईने डब्यात वांगं दिलं म्हणून तू तोंड वाकडं केलंस आणि डबा ओट्यावर ठेवून गेलास. तेच तुझं शेवटचं. आई अजून वांगं आणू देत नाही.”

तो थांबला.

मी म्हटलं, “तुला पोहायला येत नव्हतं. सगळ्यांना सांगायचास भातसा पार केली म्हणून. काठावर डोकं ओलं करून यायचास. कल्याणच्या वर्कशॉपमधून काढलं तेव्हा महिनाभर डबा घेऊन निघायचास आणि स्टेशनवर बसून परत यायचास. मला माहीत होतं. मी आईला सांगितलं नाही. तू कुणाचा वीर नाहीस. माझा भाऊ आहेस. आता बस. खूप वेळ उभा आहेस.”

त्याने मान खाली घातली, चोरी पकडल्यावर घालायचा तशी. मग गवत कापून दमल्यावर बसतो तसा गुडघे वर घेऊन बसला आणि कुशीवर झोपला. मी त्याच्या डोक्यापाशी बसून त्रिशरण, पंचशील म्हटलं. माझ्या ओढणीत त्याला गुंडाळला. वजन काहीच राहिलं नव्हतं. दिपेशने आणि मी त्याला सहज उचलला. तू मधेच येऊन पाय धरलेस, तेव्हा मी तुझ्याशी बोलले नाही. आज लिहिते, धरलेस ते बरं केलंस.

टेम्पोपाशी कमळाकरदादा आडवे आले ते तू पाहिलंस. ते काय म्हणाले आणि मी काय म्हणाले ते बाकीच्यांनाही कळू दे. ते म्हणाले, “ताई, एक झाला. आता बाकीच्यांचं बघा. तुम्ही अशा अर्ध्यावर जाऊ शकत नाही. लोक तुमच्याकडे आशेने बघतात.”

मी म्हटलं, “कमळाकरदादा, तिसऱ्या रांगेत तुमच्यासारख्याच नाकाचा एक माणूस उभा आहे. उजव्या कानाला भिकबाळी. दर्भाचा पुतळा जाळून तो बसलेला नाही. मी त्याला ओळखत नाही. तुम्ही ओळखता.”

त्यांनी तिकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटतं, त्यांना आधीपासून माहीत होतं. रोज सकाळी सगळ्यांत मोठ्याने घोषणा कोण द्यायचं ते तुला ठाऊक आहे. आणि त्यांनीच माझ्या भावाला जाळीपाशी टाकला, कावळा शिवत नाही म्हणून. त्या माणसाची मला कीव येत नाही. येईल तेव्हा येईल.

दिपेश काल सांगत होता की होळीला पुढची रांग पेटवली नाही. तू डबे पडवीतून उचलू दिले नाहीस, दाराला खाट लावून बसलीस म्हणे. आणि मुरबाडची ती म्हातारी चालत गडाखाली आली, आपला बाला सापडेपर्यंत शिव्या घालत रांगेतून फिरली आणि तो बसला. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी गेल्या. कमळाकरदादा दोन दिवस तिसऱ्या रांगेसमोर जाऊन उभे राहतात आणि तोंडातून शब्द निघत नाही, असं दिपेश म्हणाला. कोटवाल्यांनी गाड्या वरच्या टप्प्यावर नेल्या आहेत. ते परत येतील. त्यांच्याकडे नगारा आहे आणि आपल्याकडे न बोलणारी माणसं पुष्कळ आहेत.

मी पुन्हा येणार नाही. हे रागाने लिहीत नाही. राग आहेच, तो राहील. पण मी येऊन काय करू? तुमच्या माणसांनी कुणाच्या शेंगा चोरल्या, कुणाला पोहायला येत नव्हतं, हे मला माहीत नाही. तो कातकरी मुलगा अजून उभा असेल तर त्याच्या आईला शोधा. तिला गाडीतून आणा, पुढच्या सीटवर बसवून आणा. आणि भिंतीवरचं माझं चित्र पुसून टाका. चुन्याचा एक हात पुरेल.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. तू चार महिने मला खरं लिहिलं नाहीस, ते मी विसरणार नाही. तरी दिपेश पहाटे हे पत्र देईल, तेव्हा त्याच्याच टेम्पोतून उद्या कार्यक्रमाला येता आलं तर ये. तुझं ताट असेल. बोलायला उभी राहिलीस तर पापडाचं सांग, मनमिळाऊ वगैरे म्हणू नकोस.

आई झोपली आहे. उद्या माणसं बरीच येतील. हे पत्र पाकिटात घातलं की मी वाल निवडून भिजत घालणार आहे.

संघरत्ना

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी वाल निवडून झाले. खडे फार निघाले. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन भिजत घातले आणि वर ताटली ठेवली.